वाचकांचे प्रश्न : साक्ष देण्याजोगे काही नसेल तर?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, सभासद असणे म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी मनात किती विश्वास असावा लागतो, असे वाचकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत, आणि जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे देणारा मी पाळक नाही. मेथडिस्ट कुटुंबात वाढलो, स्थानिक उपदेशक म्हणून पुष्कळ वर्षे पुलपिटावर उभा राहिलो आणि मंडळीच्या कारभाराच्या बैठकांतही बसलो, एवढाच माझा अधिकार आहे.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, वयात आल्यावर दृढीकरण झाले आणि तेव्हापासून रविवारची उपासना मी क्वचितच चुकवली आहे. संडे स्कूलमध्ये शिकवतेही. पण प्रार्थना सभेत साक्ष देण्याची वेळ आली, की मी मान खाली घालून बसते. इतरांना प्रभू कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला भेटला हे सांगता येते. माझ्याकडे सांगण्याजोगे काहीच नाही. माझे हृदय कधी ‘उबदार’ झाले नाही. कधी कधी तर प्रार्थना करताना पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही, असेच वाटते. अशा स्थितीत मुलांना शिकवणे हे ढोंग नाही का? सभासदत्व सोडावे का?

उत्तर : सभासदत्व सोडू नका आणि संडे स्कूलचा वर्गही सोडू नका, हे आधी सांगतो; कारणे त्यानंतर.

ज्या मापाने तुम्ही स्वतःला मोजत आहात, ते आपल्याकडे २४ मे १७३८ च्या संध्याकाळवरून आले आहे. लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका छोट्या सभेत बायबलमधील रोमकरांस पत्राला धर्मसुधारक मार्टिन लूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी तरी वाचून दाखवत होते, आणि पावणेनऊच्या सुमारास मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपले हृदय विलक्षण रीतीने उबदार झाल्याचे जाणवले. हा प्रसंग उपदेशांतून आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो, की तो आपल्याला पाठ असतो; फक्त तो बहुधा याच वाक्यापाशी थांबवला जातो. वेस्लींची रोजनिशी तिथे थांबत नाही. त्या सभेला आपण अगदी अनिच्छेने गेलो, हे त्यांनी त्याच नोंदीत लिहिले आहे. पुढे, थोड्याच वेळात ‘हा विश्वास असणे शक्य नाही, कारण आनंद कुठे आहे?’ अशी शंका मनात उभी राहिली, आणि घरी परतल्यावर मोहांनी आपल्याला पुन्हा पुन्हा गाठले, हेही त्यांनी नोंदवले आहे. आपण जी रात्र खात्रीची रात्र म्हणून मिरवतो, त्याच रात्री वेस्लींना तुमचाच प्रश्न पडला होता.

तो प्रश्न त्यांना सोडूनही गेला नाही. त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे १७३९ च्या आरंभी, आपण आजही ख्रिस्ती नाही असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. १७६६ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर आणि देशभर मेथडिस्ट संगती, म्हणजे त्यांच्या अनुयायांचे स्थानिक गट, उभ्या राहिल्यावर, धाकटे बंधू चार्ल्स यांना लिहिलेल्या एका खाजगी पत्रात ते म्हणतात, की माझे देवावर प्रेम नाही, कधीच नव्हते. हे शब्द इतरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांनी लघुलिपीत लिहिले होते. आणि तरीही त्याच पत्रात पुढे, देवाच्या कार्याबद्दलची आपली कळकळ कमी न होता वाढतच आहे, आपल्याला कोणी तरी पुढे वाहून नेत आहे, असे ते लिहितात. हे पत्र मला ऑल्डर्सगेटच्या नोंदीपेक्षा मोलाचे वाटते. पुलपिटावरून ते वाचून दाखवले, तर मंडळी बिचकेल असे काही पाळकांना वाटते. माझ्या मते मंडळीतील निम्मी माणसे सुटकेचा निःश्वास टाकतील.

मुलांना शिकवण्याविषयी तुम्ही विचारले आहे, आणि तोच प्रश्न वेस्लींनी १७३८ च्या मार्च महिन्यात पीटर बोलर या मोरेव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथातील तरुण उपदेशकाला विचारला होता. स्वतःजवळ विश्वास नसताना इतरांना तो कसा सांगावा? उपदेश करणे थांबवू का? बोलरने ठाम नकार दिला आणि सांगितले, की विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करा. मिळाला, की मिळाला म्हणून कराल. त्यानंतर वेस्लींनी हा नवा संदेश ज्याला प्रथम सांगितला, तो मृत्युदंड ठोठावलेला एक कैदी होता. सांगणाऱ्याच्या मनाची तयारी पूर्ण होईपर्यंत थांबायला त्या कैद्याजवळ वेळ नव्हता. तुमच्या वर्गातील मुलांची निकड तेवढी नाही हे खरे, पण तीही मोठी होत आहेत.

राहिला सभासदत्वाचा प्रश्न. वेस्ली बंधूंनी १७४३ मध्ये संगतींसाठी जे सर्वसाधारण नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रवेशाची अट एकच आहे. येणाऱ्या क्रोधापासून पळून जाण्याची आणि आपल्या पापांपासून तारण मिळवण्याची इच्छा माणसाजवळ असावी. त्यात अनुभवाची तारीख मागितलेली नाही. तारणाची खात्रीही मागितलेली नाही. इच्छा खरी असेल तर ती कृतीतून दिसेल एवढी अपेक्षा मात्र आहे, आणि म्हणून कोणाचे वाईट न करणे, शक्य तेवढे सर्वांचे भले करणे आणि उपासना, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) यांत नियमाने सहभागी होणे, असे तीन नियम घातले आहेत. तुम्ही पत्रात स्वतःवरचे आरोपपत्र म्हणून जे लिहिले आहे, ते या तीन नियमांपुढे ठेवून वाचून पाहा. दर रविवारी उपासनेला येणारी, मुलांना शिकवणारी आणि ऐकणारा आहे की नाही हे कळत नसतानाही प्रार्थना करणारी स्त्री या नियमांनुसार बाहेरची ठरत नाही.

वेस्ली आरंभीच्या काळात याहून कठोर बोलत, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री नाही तो देवाच्या क्रोधाखाली आहे, असे ते आणि त्यांचे सहकारी सांगत असत. पण १७८८ मध्ये विश्वासावर केलेल्या उपदेशात, देवाचा सेवक आणि देवाचे लेकरू यांतील फरक पन्नास वर्षांपूर्वी आम्हा उपदेशकांना नीट उमगला नव्हता, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. जो देवाचे भय बाळगतो आणि नीतीने वागतो, त्याला देव त्याच्या त्या अवस्थेतही स्वीकारतो; लेकराची खात्री त्याने मागत राहावी, पण सेवक म्हणून तो घराबाहेरचा नव्हे, असे त्या उपदेशाचे तात्पर्य आहे.

साक्षीबद्दल माझे मत थोडे कडू आहे. आपल्या साक्षींना एक साचा पडला आहे: आधी अंधार, मग एक दिवस, मग उजेड. ज्यांचे आयुष्य या साच्यात बसते त्यांनी तसे जरूर सांगावे. पण ज्यांचे बसत नाही, ते एक तर गप्प राहतात किंवा हळूहळू आपली कथा त्या साच्यात कोंबू लागतात, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट आहे. आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. साक्षीला उभ्या राहिल्या, की समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून त्या एवढेच म्हणत, ‘हाही आठवडा त्यानेच निभावून नेला,’ आणि बसत. त्यांना याहून जास्त काही सांगताना मी ऐकले नाही, आणि त्यांच्या विश्वासाबद्दल कोणी शंका घेतल्याचेही ऐकले नाही. तुम्हाला एवढेही म्हणवत नसेल, तर ‘मी अजून वाट पाहते आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा,’ हीसुद्धा साक्षच आहे.

एक गोष्ट वेगळी सांगतो. हा रितेपणा प्रार्थनेपुरता नसून झोप, भूक, कामातील रस या सगळ्यांवर त्याची छाया पडली असेल, तर पाळकांच्या बरोबरीने डॉक्टरांनाही भेटा. प्रत्येक कोरडेपणाचे मूळ आत्मिक असतेच असे नाही.

प्रश्न : माझे पती ख्रिस्ती कुटुंबातील नाहीत आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. तरी ते दर रविवारी माझ्याबरोबर येतात. प्रभुभोजनाच्या वेळी मी पुढे जाते आणि ते बाकावर एकटे राहतात, हे मला फार लागते. त्यांनी माझ्याबरोबर यावे का?

उत्तर : प्रत्यक्ष व्यवहार मंडळीगणिक थोडा वेगळा असतो, म्हणून आधी तुमच्या पाळकांशी बोला, आणि पतींनाही त्या बोलण्यात घ्या. तत्त्वाबद्दल मात्र आपली परंपरा उदार आहे. मेज प्रभूचे आहे, मेथडिस्टांचे नाही, आणि बोलावणे आपले सभासदत्वाचे पत्र पाहून केले जात नाही.

१७४० च्या सुमारास लंडनमधील संगतीत काही जण असे शिकवू लागले, की पूर्ण विश्वास येईपर्यंत माणसाने प्रभुभोजन घेऊ नये, प्रार्थनाही करू नये, केवळ स्वस्थ राहावे. वेस्लींनी याला कडाडून विरोध केला. भाकर आणि प्याला हे विश्वास दृढ करण्याचे साधन आहे, तसेच तो उत्पन्न करण्याचेही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याजवळ घरचाच दाखला होता. त्यांची आई सुझाना या धर्मगुरूच्या कन्या आणि धर्मगुरूच्या पत्नी. आयुष्यभर त्या प्रभुभोजन घेत आल्या होत्या. पण १७३९ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, जावयाच्या हातून प्याला घेताना ‘तुझ्यासाठी’ हा शब्द त्यांच्या काळजात शिरला आणि आपल्या पापांची क्षमा झाल्याचे त्यांना कळले, असे त्यांनी मुलाला सांगितले.

पतींना आग्रह मात्र करू नका. काही माणसे एखाद्या गोष्टीला मान देतात म्हणूनच तिच्यापासून दोन पावले दूर राहतात, आणि त्यांना पुढे ओढणे हे त्या मानाचा अवमान करण्यासारखे असते. तुम्हाला त्यांचे एकटे बसणे लागते. त्यांना ते लागते का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा.

प्रश्न : नोकरीनिमित्त घर सोडल्यापासून मी कोणत्याही मंडळीत जात नाही. रोज पवित्र शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, आणि रविवारी फोनवर नामांकित उपदेशकांचे संदेश ऐकतो, जे आमच्या जुन्या मंडळीतील संदेशांपेक्षा निश्चितच सरस असतात. मंडळीत गेल्याने माझ्या विश्वासात नेमकी कोणती भर पडणार आहे?

उत्तर : संदेश सरस असतात हे मी मान्य करतो. मी स्वतः पुष्कळ उपदेश केले आहेत आणि त्यांतील बहुतेकांशी तुमच्या फोनने सहज स्पर्धा केली असती. जे अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा दूर एकटे राहतात, त्यांच्यासाठी फोनवरील उपासना हा आशीर्वाद आहे, याबद्दलही वाद नाही. पण ज्याचे पाय धड आहेत, त्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

१७३९ मध्ये काढलेल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत वेस्लींनी लिहिले आहे, की ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाला समाजाविना धर्म ठाऊक नाही आणि समाजाविना पावित्र्यही ठाऊक नाही. रानात एकांतात जाऊन पवित्र होऊ पाहणाऱ्या साधकांना ते उत्तर होते. क्षमा, सहनशीलता, मनाची नम्रता हे गुण एकट्याने कमावता येत नाहीत, एवढा साधा मुद्दा त्यामागे आहे. तुमच्या खोलीत तुम्हाला कोणीही चिडवत नाही, कोणी तुमच्या जागेवर बसत नाही, कोणी तीच हकीकत चौथ्यांदा सांगत नाही. तेव्हा तुम्ही सहनशील आहात की नाही, हे तुम्हालाही कळायला मार्ग नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्रिस्टलमध्ये घडली. तेथील न्यू रूम या सभागृहावर कर्ज झाले होते, आणि ते कसे फेडावे याचा विचार १७४२ च्या फेब्रुवारीत चालला होता. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवले, की फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, अशी शंका कोणी तरी काढली, तेव्हा फॉय म्हणाले, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या; त्यांना देता आले तर ठीक, नाही तर त्यांचेही मी भरीन. असे बारा-बारा जणांचे गट पडले आणि गटाचा पुढारी पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. दारात उभा राहिल्यावर त्याला घरातील भांडण ऐकू येई, कोणी प्यालेला दिसे, कोणी आजारी पडलेला असे. वेस्लींच्या ध्यानात आले, की कर्जफेडीच्या निमित्ताने आपल्याला हवे होते तेच हाती लागले आहे. क्लास मीटिंग जन्माला आली ती अशी. पुढे घरोघर जाण्याऐवजी गट एकत्र बसू लागला, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारले जाऊ लागले, की तुझ्या जिवाचे कसे चालले आहे.

माझ्या लहानपणी आमच्याकडे असे एक क्लास लीडर येत. दाराजवळच्या खुर्चीवर बसून ते बगलेतली लांबट वही काढत, चश्म्यावरून एकेकाकडे पाहत आणि आठवडा कसा गेला ते विचारत. घरातील तरुण मंडळी त्यांची चाहूल लागताच मागच्या दाराकडे सरकू लागत. त्यांना शास्त्रातले फार येत होते असे नाही. पण ‘बरा गेला’ या उत्तरावर त्यांचे समाधान होत नसे. पेन्सिल वहीवर टेकवून ते तसेच थांबत, आणि मग खरे उत्तर बाहेर येई.

तुमच्या तक्रारीतील तथ्य मी नाकारत नाही. पुष्कळ मंडळ्यांतून क्लास मीटिंग नाहीशी झाली, तिच्या जागी समित्या आल्या आणि माणसाला विचारण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. मंडळी जर आठवड्याला एक संदेश एवढेच देणार असेल, तर सरस संदेश देणाऱ्या फोनपुढे ती हरणारच, आणि तिने हरलेच पाहिजे. पण तुमचा फोन कितीही चांगला बोलत असला, तरी तुम्ही दोन रविवार आला नाहीत हे त्याच्या ध्यानात येणार नाही. जवळची मंडळी शोधा. संदेश सामान्य असेल हे गृहीत धरून जा. काही महिन्यांत तिथे तीन-चार माणसे अशी सापडली, की जी तुम्हाला खरे विचारतील आणि ज्यांना तुम्ही खरे सांगाल, तर तुम्ही मेथडिस्ट अर्थाने मंडळीत आलात. न सापडली, तर तसा गट तुम्ही सुरू करा. त्याला पाळकांची संमती लागेल, पण समिती लागणार नाही.

प्रश्न : मला सूर नाही. शेजारचे वळून पाहतात म्हणून मी गीताच्या वेळी नुसते ओठ हलवते. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. १७६१ मध्ये वेस्लींनी गायनाविषयी काही सूचना छापल्या, त्यांत सर्वांनी गावे, आणि गाणे हा एखाद्याला क्रूस वाटत असेल तर त्याने तो उचलावा, असे स्वच्छ लिहिले आहे. अर्धमेल्यासारखे किंवा अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नये, असेही त्यांत आहे. मात्र त्याच सूचनांत, आपला आवाज इतरांपेक्षा वेगळा ऐकू यावा म्हणून ओरडू नये, असेही बजावले आहे. तेव्हा ज्यांना सूर आहे, त्यांनी वळून पाहण्याऐवजी हे कलम वाचावे. चार्ल्स वेस्लींनी सहा हजारांहून अधिक गीते लिहिली ती केवळ गायकवृंदासाठी नव्हेत.

प्रश्न : आमच्या मंडळीत दोन गट पडले आहेत. समितीच्या निवडणुकीपासून सुरुवात झाली, पुढे पाळकांच्या बदलीसाठी सह्यांची मोहीम निघाली आणि आता मालमत्तेचे प्रकरण न्यायालयात आहे. प्रभुभोजनाला गुडघे टेकलेली माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. मी कोणत्याच गटात नाही, म्हणून दोन्ही गट माझ्यावर नाराज आहेत. दुसऱ्या मंडळीत निघून जावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात जे वर्णन आहे ते वाचून दुःख झाले, आश्चर्य वाटले नाही. १७४३ च्या ज्या नियमांचा वर उल्लेख केला, त्यांत कोणाचे वाईट न करण्याचा अर्थ सांगताना मारामारी आणि भांडणतंटा यांच्याच ओळीत ‘भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाणे’ हेही घातले आहे. पहिल्या पिढीतही ही वेळ येत होती, म्हणूनच ते लिहावे लागले.

कानगोष्टींबद्दल तर वेस्लींनी लेखी करारच केला होता. जानेवारी १७५२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. एकमेकांविषयी वाईट ऐकणार नाही आणि उकरून काढणार नाही. कानावर आलेच तर चटकन विश्वास ठेवणार नाही. जे ऐकले ते शक्य तितक्या लवकर त्याच माणसाला सांगू किंवा लिहू. आणि तसे करीपर्यंत दुसऱ्या कोणाजवळ त्यातील एक अक्षरही काढणार नाही, असा त्याचा आशय होता. तुम्ही कोणत्याच गटात नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या गोष्टी तुमच्या कानावर येत असणार. हा करार तुम्ही एकट्यानेही पाळू शकता. पुढच्या वेळी कोणी काही सांगू लागले, की ‘हे तुम्ही त्यांना सांगितले का?’ एवढेच विचारा. लोक तुम्हाला सांगायचे बंद करतील, आणि तेवढ्यापुरता धूर कमी होईल.

मतभेद म्हणजे फूट नव्हे, हे दोन्ही गटांना कोणी तरी ऐकवले पाहिजे. वेस्ली आणि त्यांचे जुने सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्यात देवाच्या पूर्वनियोजनावरून, म्हणजे कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे का यावरून, छापील पत्रकांपर्यंत वाद गेला आणि दोघांचे मार्ग वेगळे झाले. तो वाद कधी मिटला नाही. मैत्री मात्र पुन्हा जुळली, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यानंतर लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लींनी केला. तुमच्याकडील भांडण धर्मसिद्धांतावरून नाही, आणि म्हणूनच ते मिटायला अधिक कठीण आहे, असे मला वाटते. सिद्धांतावरून भांडणाऱ्यांना निदान एकाच पुस्तकाकडे परत जावे लागते.

निघून जाणे नेहमीच चूक असते, असे मी म्हणणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या कृष्णवर्णीयांना, ती जागा त्यांची नाही म्हणून, उठवण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठले आणि बाहेर पडले, आणि त्यांच्या त्या बाहेर पडण्यातून पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. ॲलन यांनी मेथडिस्ट शिकवण आणि शिस्त मात्र सोडली नाही. जिथे माणसाला गुडघ्यांवरून उठवले जाते, तिथून निघणे हा विश्वासाचा भाग असतो.

तुमची स्थिती तशी आहे का, हे तुम्हीच ठरवा. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या जिवाला धोका असेल, तुम्हाला खोटे बोलायला किंवा खोट्या कागदांवर सह्या करायला भाग पाडले जात असेल, तर थांबू नका. पण केवळ दोन्ही गट नाराज आहेत म्हणून जात असाल, तर मी सध्या थांबा असे म्हणेन. भांडणाऱ्या मंडळीत कोणाचाच नसलेला माणूस हा एकमेव असा असतो, की जो आजारी पडलेल्या दोन्हीकडच्या माणसांना भेटायला जाऊ शकतो. ते काम करून पाहा. आणि जायचेच ठरवले, तर पाळकांना आणि दोन्ही गटांतील निदान एकेका माणसाला समोर बसून कारण सांगून जा. न सांगता गेलेल्या माणसाच्या नावावर दोन्ही गट आपापली कारणे लिहितात.

प्रश्न : वर्षारंभी देवाशी केलेला करार सर्वांनी मिळून नव्याने म्हणण्याच्या उपासनेत ‘मला कामाला लाव, मला दुःखात घाल’ असे सर्वांबरोबर म्हणावे लागते. गेल्या वर्षी घरात मोठे आजारपण झाल्यापासून हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. मी गैरहजर राहिले तर ते वाईट दिसेल का?

उत्तर : हे शब्द सहज निघत असतील, तर म्हणणाऱ्याचे लक्ष नाही असे समजावे. वेस्लींनी ही उपासना पहिल्यांदा ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथे घेतली, आणि संमती म्हणून सुमारे अठराशे माणसे उभी राहिली, अशी नोंद आहे. त्याआधी त्यांनी कराराचा अर्थ लोकांना समजावून सांगितला होता आणि विचार करायला वेळ दिला होता. आपण बहुधा ती तयारी गाळून थेट शब्दांवर येतो, आणि मग ज्याचे घर नुकतेच होरपळले आहे त्याच्यावर ते शब्द आदळतात.

त्या वाक्याचा अर्थ ‘माझ्यावर आजारपण पाठव’ असा नाही. माझ्या वाट्याला काम आले किंवा काहीच न करता सोसणे आले, तरी दोन्ही अवस्थांत मी तुझाच राहीन, असे ते म्हणणे आहे. त्याच प्रार्थनेत पुढे भरलेले असणे आणि रिते असणे, उपयोगात आणले जाणे आणि बाजूला ठेवले जाणे यांचाही उच्चार आहे. गेल्या वर्षी उशाशी बसून तुम्ही जे केले, ते यांपैकी कशात बसते ते पाहा. मला वाटते, की हे शब्द म्हणण्याआधीच तुम्ही ते जगला आहात.

तरीही या वर्षी ते म्हणवत नसतील तर म्हणू नका. गैरहजर मात्र राहू नका. करार एकेकट्याने वाचायचा असता, तर तो घरीही वाचता आला असता. तो सर्वांनी मिळून म्हणायचा असतो, त्यामुळे जिच्या तोंडून शब्द निघत नाहीत तिच्या भोवतीची माणसे तो तिच्यासाठीही म्हणत असतात. पाळकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी गैरसमज करून घेणार नाही. सर्व जण उभे राहतील तेव्हा उभे राहावेसे वाटले तर राहा, नाही तर बसून राहा, आणि त्यानंतरचे प्रभुभोजन घ्या. शब्द पुढच्या वर्षी म्हणता आले तर म्हणा.